नाशिकहून दोन गाड्या, एक शनिवार-रविवार आणि सागरी किल्ले: नेमके कुठे जावे?

रामशेजचा_वाटसरू (धागाकर्ता)

नमस्कार. आमचा गट एरवी सातमाळा, त्र्यंबक परिसर आणि बागलाण यांच्या बाहेर फारसा जात नाही. जुलै २०२५ मध्ये साल्हेरचे नाव जागतिक वारसा यादीत आले. त्याच बारा किल्ल्यांच्या यादीत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार सागरी किल्लेही आहेत, हे गटातल्या मुलांनी वाचले आणि समुद्रातला किल्ला पाहायचाच, असा हट्ट धरला. तो हट्ट आम्हा मोठ्यांनाही पटला.

आमच्यासमोर पौष महिन्यातल्या दोन तारखा आहेत. एक शनिवार शुद्ध एकादशीचा आहे आणि त्याच्या पुढचा वद्य तृतीयेचा. दोन गाड्या भरतील एवढी माणसे आहेत, त्यांत शाळकरी मुले आहेत आणि साठी ओलांडलेले आई-वडीलही आहेत. कच्चा बेत असा आहे: शुक्रवारी रात्री निघून पहाटे अलिबाग, मग कुलाबा, रेवदंडा आणि कोर्लई हे तिथले किल्ले, रात्री मुरूडला मुक्काम, रविवारी जंजिरा आणि तिथून परत. हा बेत योग्य आहे का? कसाऱ्यावरून जावे की दुसरा रस्ता बरा? आणि नाशिकला याहून जवळचे असे काही आहे का, जे आम्हाला ठाऊक नाही?

सह्यचारी

बेत उत्तम आहे आणि तो नक्की जमतो. इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून कसारा घाटातील ट्रकांच्या रांगेत अडकण्याचा प्रश्न राहिलेला नाही. इगतपुरीला वर चढावे, लांब बोगद्यातून थेट भिवंडीच्या बाजूला आमण्याला उतरावे आणि पुढे कल्याण-पनवेलमार्गे अलिबाग गाठावे. मुलांना पहिल्यांदा समुद्रातला किल्ला दाखवायचा असेल, तर जंजिऱ्याला पर्याय नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

भरती_ओहोटी

मी मूळचा अलिबागचा असून नोकरीमुळे नाशिकला स्थायिक झालो आहे. रस्त्याचा विचार नंतर करावा, आधी तिथीचा करावा, कारण कुलाबा किल्ल्यात तुम्ही चालत कधी जाणार हे समुद्र ठरवतो.

आमच्याकडे जुना हिशेब असा आहे की पक्षातली तिथी पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते आणि तिच्यात सव्वासहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी. एकादशीला अकरा पाऊणे सव्वाआठ, म्हणजे भरती सकाळी सव्वाआठला आणि ओहोटी दुपारी अडीचच्या सुमारास. वद्य तृतीयेला भरती सव्वादोनला, म्हणजे ओहोटी सकाळी साडेआठच्या आसपास. हा अंदाज आहे. निघण्यापूर्वी त्या दिवसाचे छापील कोष्टक पाहावे आणि किनाऱ्यावरच्या माणसाला विचारावे, कारण अर्ध्या तासाचा फरक सहज पडतो.

रामशेजचा_वाटसरू

मनःपूर्वक आभार. मग एकादशी अधिक सोयीची नाही का? दुपारी अडीचला ओहोटी म्हणजे रात्री प्रवास न करता पहाटे निघूनही किल्ला पाहता येईल.

भरती_ओहोटी

वेळ सोयीची दिसते, पण पाणी तेवढे हटत नाही. पौर्णिमा-अमावस्येच्या आगेमागे उधाण असते, तेव्हा भरती मोठी आणि ओहोटीही खोल असते. अष्टमीनंतरच्या दोन-तीन दिवसांत भांगाची भरती असते, म्हणजे पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. एकादशीला भर ओहोटीतही कुलाब्याच्या वाटेवर पाणी राहू शकते. मुलांच्या दृष्टीने ते गुडघ्यापर्यंतचे पाणी कंबरेपर्यंतचे ठरते. द्वितीया ते चतुर्थी हे दिवस मला सर्वांत चांगले वाटतात, कारण पाणी पुरेसे लांब जाते आणि ओहोटीची वेळ उजेडात येते.

आणखी एक गोष्ट. पूर्ण ओहोटीच्या वेळी किल्ल्यात पोहोचलात तर उशीर झालेला असतो. ओहोटीच्या आधी तास-दीड तास चालायला लागावे आणि पाणी परत फिरले की तासाभरात बाहेर पडावे. पाणी समोरून येताना दिसत नाही, आधी किनाऱ्याजवळच्या खोलगट भागात भरते, म्हणून किल्ल्यावरून पाहणाऱ्याला वाट कोरडीच वाटत राहते.

सातपूरकर

शुक्रवारी दिवसभर कामावर राबलेल्या माणसाने रात्रभर गाडी चालवून शनिवारी किल्ले चढावेत आणि रविवारी पुन्हा तेवढेच अंतर परत यावे, हे मला मान्य नाही. मुरूडहून नाशिक म्हणजे अडीचशे किलोमीटरच्या वरचा पल्ला आहे आणि रविवारी संध्याकाळी त्या बाजूचा प्रत्येक रस्ता पुण्या-मुंबईकडे परतणाऱ्या गाड्यांनी भरलेला असतो. दोन चालक प्रत्येक गाडीत असतील तरच हा विचार करावा.

पंचवटीकर

धागाकर्त्याने शेवटी विचारलेल्या प्रश्नाकडे कोणी वळलेले नाही, म्हणून लिहितो. नाशिकच्या माणसाने सागरी किल्ल्यांची सुरुवात वसईपासून करावी, कारण वसईची एक खूण आपण रोज पाहतो. पंचवटीत गोदाकाठी जे रामेश्वराचे देऊळ आहे, ज्याला आपण सगळे नारोशंकराचे देऊळ म्हणतो, त्याच्या तटावर नदीकडे तोंड करून टांगलेली मोठी घंटा वसईच्या पोर्तुगीजांवरील विजयानंतर आलेली आहे. सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी ते देऊळ १७४७ मध्ये बांधले. वसई १७३९ मध्ये मराठ्यांच्या हाती आली होती. अशाच चर्चच्या घंटा मेणवलीला आणि भीमाशंकरलाही आहेत.

गोदावरीला पूर आला की दुतोंड्या मारुती किती बुडाला हे आपण पाहतो आणि जुनी माणसे विचारतात की पाणी नारोशंकराच्या घंटेला लागले का. मुलांना आधी ती घंटा नीट दाखवावी आणि मग ती जिथून आली त्या गावी न्यावे. समुद्रातल्या किल्ल्याशी नाशिकचे काय नाते, हे त्यांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

इतिहासाचा_विद्यार्थी

पंचवटीकरांना संपूर्ण अनुमोदन. थोडी भर घालतो. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि त्यानंतर दोनशे वर्षे तो त्यांचा उत्तरेकडील कारभाराचा मुख्य तळ होता. मराठ्यांची मोहीम १७३७ मध्ये ठाण्यापासून सुरू झाली. त्याच वर्षी अर्नाळा बेट हाती आले. मग १७३९ च्या जानेवारीत चिमाजी अप्पांच्या सैन्याने पालघरच्या किनाऱ्यावरचे केळवे, माहीम, शिरगाव आणि तारापूर असे एकेक ठाणे घेत वसईचा उत्तरेकडचा आधार काढून घेतला. तारापूरच्या तटावर बाजी भिवराव रेठरेकर पडले. फेब्रुवारीत वसईला वेढा पडला आणि मे महिन्यात किल्ला शरण आला.

वसई तीन बाजूंनी पाण्याने आणि दलदलीने वेढलेली होती, म्हणून निर्णायक लढाई उत्तरेच्या जमिनीच्या बाजूला झाली. तिथे मराठ्यांनी तटाखाली सुरुंग खणले. काही सुरुंग वेळेवर उडाले, काही उशिरा उडाले आणि त्यात आपलीच माणसे गेली. शरणागतीनंतर पोर्तुगिजांना कुटुंबकबिल्यासह आणि चीजवस्तूंसह सन्मानाने जाऊ दिले गेले, हे मुलांना अवश्य सांगावे. या सगळ्या ठाण्यांकडे सुटी स्थळे म्हणून पाहिले, तर हाती काही लागत नाही. ती त्या मोहिमेच्या क्रमाने पाहिली, तर प्रत्येक लहान किल्ल्याचे काम काय होते ते आपोआप कळते.

सह्यचारी

इतिहास सगळा मान्य आहे, पण मुलांनी ‘समुद्रातला किल्ला’ मागितला आहे. केळव्याचा भुईकोट, माहीमचा पडका कोट, शिरगावची गढीएवढी तटबंदी दाखवून त्यांचे समाधान होणार आहे का? राजपुरीहून शिडाच्या होडीतून जाताना जंजिऱ्याचा तट पाण्यातून सरळ वर आलेला दिसतो आणि अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा कुठे आहे हेच कळत नाही. त्या दरवाजावर पंजांत हत्ती धरलेल्या वाघाचे शिल्प आहे, वर कलालबांगडी तोफ आहे आणि खाऱ्या समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याचे तलाव आहेत. हे सगळे एका किल्ल्यात एकत्र मिळते. पहिला अनुभव असाच असावा, असे मला मनापासून वाटते.

केळवेकर

सह्यचारींच्या भावनेचा आदर राखून थोडे सविस्तर लिहितो, कारण आमच्या किनाऱ्याबद्दल हा समज फार जणांचा आहे.

केळव्याला दोन कोट आहेत. एक भुईकोट किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात आहे. तो कित्येक वर्षे वाळूत गाडलेला होता आणि दुर्गप्रेमी तरुणांनी घमेल्यांनी वाळू उपसून त्याचे बुरूज मोकळे केले. दुसरा पाणकोट आहे, तो खरोखर समुद्रात आहे आणि जहाजाच्या आकाराचा आहे. ओहोटीला तिथे चालत जाता येते. भरतीला त्याच्या तटाला चारही बाजूंनी लाटा लागतात. आमच्याकडे समुद्र मुंबईपेक्षाही लांब मागे जातो, कारण खंबातच्या आखाताकडे जावे तसा भरती-ओहोटीतला फरक वाढत जातो. उलट मालवणकडे तो मुंबईच्या निम्म्याच्या आसपास असतो. म्हणून पाण्याने वेढलेला कोट आणि कोरड्या पुळणीवर उभा असलेला तोच कोट, अशी दोन्ही रूपे मुलांना एकाच दिवशी, किनाऱ्यावर बसून पाहता येतात. तिकिटाची रांग नाही आणि गर्दीही नाही.

शिरगावचा किल्ला लहान आहे हे खरे, पण त्याचा दरवाजा, तटावरचा फेरीचा मार्ग आणि बुरूज इतके धड उभे आहेत की किल्ल्याचे अवयव शिकवायला त्याच्यासारखी जागा नाही. तिथल्या अंगणातले फांद्या फुटलेले ताडाचे झाड मुलांना दाखवावे. ताडाला फांद्या नसतात असे पुस्तकात शिकलेली मुले त्याच्याभोवती बराच वेळ फिरत राहतात.

एक सावधगिरीची सूचना. पाणकोटाच्या वाटेवर काही ठिकाणी चिखल आहे आणि दगडांवर धारदार कालवे, म्हणजे चिकटलेले शिंपले आहेत. चपला काढून चालू नये, पट्ट्याचे जुने बूट घालावेत आणि गावातला कोणी सोबत असल्याशिवाय मुलांना नेऊ नये.

चुना_आणि_दगड

मी बांधकामाच्या व्यवसायात आहे, म्हणून या धाग्यावर राहवले नाही. डोंगरी किल्ल्यात कडाच अर्धा तट असतो आणि बांधणाऱ्याने फक्त जिथे चढता येते तिथे भिंत घालायची असते. हरिहरला पायऱ्या कातल्या आणि दरवाजा बसवला की काम झाले. समुद्रात मात्र तटाला रोज दोनदा मार बसतो, तो कायमचा, आणि मीठ दगडात शिरते ते वेगळेच.

यावर आपल्या लोकांनी एकच एक उपाय केला नाही, हे मला फार मोलाचे वाटते. कुलाब्याच्या तटात मोठमोठे चिरे चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेले आहेत, त्यामुळे लाटेचे पाणी फटींत शिरते आणि तिचा जोर मोडतो. सिंधुदुर्गाच्या पायात शिसे ओतल्याचे सांगतात. मुरूडसमोरच्या पद्मदुर्गावर याच्या बरोबर उलट पाहायला मिळते. तिथे दगड साडेतीनशे वर्षांच्या खाऱ्या वाऱ्याने आणि पाण्याने आत झिजत गेला आहे, पण दोन दगडांमधला चुना जसाच्या तसा बाहेर उभा आहे, त्यामुळे तटाचा दर्शनी भाग मधाच्या पोळ्यासारखा दिसतो. दरजेवर अंगठा फिरवून पाहा. चुन्याची कड अजून बोटाला टोचते आणि दगडाची खळगी मात्र गुळगुळीत लागते. आज आपण किनाऱ्यावर सिमेंटच्या इमारती बांधतो आणि काही वर्षांत सळ्या गंजून छपरे उकलतात, ते रोज पाहणाऱ्या माणसाला त्या भिंतीसमोरून हलावेसे वाटत नाही.

इतिहासाचा_विद्यार्थी

पद्मदुर्गाचा विषय निघाला म्हणून लिहितो. जंजिरा पाहायला जाणाऱ्यांपैकी फार थोडे लोक समोरच्या पद्मदुर्गाकडे मान वळवतात. जंजिऱ्याच्या सिद्दीला शह देण्यासाठी शिवाजी महाराजांनी कांसा बेटावर हा किल्ला उभारला आणि राजपुरीच्या उरावर दुसरी राजपुरी केली, असे त्यांच्याच एका पत्रात म्हटले आहे. जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावण्याचे धाडस करणाऱ्या लाय पाटलांना महाराजांनी पालखीचा मान दिला. संभाजी महाराजांनी तर किनाऱ्यापासून जंजिऱ्यापर्यंत दगडांचा भराव घालण्याचा प्रयत्न केला. तरीही जंजिरा पडला नाही आणि ते संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन होईपर्यंत सिद्दींकडेच राहिले. मुलांना दोन्ही किल्ले एकमेकांसमोर उभे करून सांगितले, तरच ही झुंज कळते. पण पद्मदुर्गाला ठरलेली होडी नसते, मुरूडच्या कोळीवाड्यात आधी बोलून ठेवावे लागते.

इंदिरानगरवासी

इथे बहुतेक मंडळी किल्ल्यांबद्दल लिहीत आहेत. मी माणसांबद्दल लिहिते, कारण आमच्या घरातल्या दोन्ही आजी आमच्याबरोबर फिरतात.

जंजिऱ्याला होडीतून तटाच्या पायऱ्यांवर उतरताना लाटेबरोबर होडी खालीवर होते आणि नेमक्या क्षणी पाऊल टाकावे लागते. खलाशी हात देतात, सांभाळून घेतात, तरी गुडघेदुखी असलेल्या व्यक्तीला ते अवघड जाते. सुट्टीच्या दिवशी उन्हात होडीसाठी थांबणे होते आणि किल्ल्यात फिरायला मोजका वेळ मिळतो. सह्यचारीदादा, आपण वर्णन केलेले सगळे खरे आहे, पण ते साठीपुढच्या माणसाला त्या घाईत पाहता येत नाही.

दुसरे म्हणजे स्वच्छतागृहे. डोंगरावर आपण आडोसा शोधतो, समुद्रातल्या किल्ल्यात तोही नसतो आणि ओहोटीची वाट असेल तर मध्येच परतताही येत नाही. बायका या भीतीने सकाळपासून पाणी पीत नाहीत आणि दुपारी उन्हाने चक्कर येते. किल्ल्यात शिरण्यापूर्वी किनाऱ्यावर मुक्कामाची खोली हाताशी असणे ही चैन मानू नये, ती गरज आहे. केळव्याला घरगुती निवासाची सोय किनाऱ्यापासून चालत जाण्याएवढी जवळ आहे, हे मला तिथले सर्वांत मोठे सुख वाटते.

तिसरे, होडीत बसताना जीवरक्षक जाकीट मागून घ्यावे आणि मुलांच्या मापाचे नसेल तर दुसरी होडी पाहावी. वाद होईल, होऊ द्यावा.

सह्यचारी

ताई, आपला मुद्दा पूर्णपणे पटला. माझ्या डोळ्यांसमोर केवळ तरुण मंडळी होती. तरीही जंजिरा कधीतरी स्वतंत्रपणे, आठवड्याच्या मधल्या दिवशी आणि दोन मुक्कामांचा बेत करून अवश्य करावा, एवढा आग्रह मी सोडणार नाही.

गोदाघाट

खांदेरीचे काय? जागतिक वारसा यादीतला सागरी किल्ला म्हणून आपल्याला सर्वांत जवळचा तोच आहे ना?

भरती_ओहोटी

होय. थळच्या किनाऱ्यावरून होडी ठरवून जावे लागते. १६७९ मध्ये महाराजांनी त्या बेटावर तटबंदी सुरू केली, तेव्हा इंग्रजांनी गलबते आणून ती अडवण्याचा प्रयत्न केला. मायनाक भंडारी आणि त्यांचे सोबती रात्रीच्या अंधारात लहान होड्यांतून सामान पोहोचवत राहिले आणि बांधकाम चालूच राहिले. इंग्रजांची मोठी गलबते वाऱ्यावाचून अडत आणि आमच्या लोकांच्या उथळ होड्या वल्ह्यांच्या जोरावर खडकांमधून निसटत. तिथे वेताळाचे ठाणे आहे आणि १८६७ चा दीपस्तंभ आहे. पण समुद्र थोडा जरी खवळलेला असला तरी थळचे कोळी होडी काढत नाहीत आणि त्यांनी नाही म्हटले की आग्रह करू नये. दोन दिवसांच्या बेतात अशी अनिश्चित गोष्ट मध्यभागी ठेवणे बरे नव्हे.

सातपूरकर

रस्त्याबद्दल पुन्हा लिहितो, कारण बेत पालघरकडे झुकताना दिसतो आहे. केळव्याला जायचे तर कसारा आणि समृद्धी दोन्ही विसरावेत. त्र्यंबक, तोरंगण घाट, मोखाडा, जव्हार, विक्रमगड आणि मनोरवरून पालघर, असा सरळ रस्ता आहे. अंतर दीडशे ते पावणेदोनशे किलोमीटरच्या दरम्यान पडते, पण वळणे भरपूर आहेत, म्हणून साडेचार तास धरावेत. रस्ता दिवसाउजेडी करावा. रात्री त्या भागात उघडे दुकान मिळत नाही आणि गाडी पंक्चर झाली तर मदतीला थांबावे लागते.

जव्हारला जयविलास राजवाडा आहे आणि गावाजवळ शिरपामाळ आहे, जिथे १६६४ च्या सुरत स्वारीच्या वेळी शिवाजी महाराजांचा मुक्काम झाला होता असे सांगतात. चहा तिथेच घ्यावा.

पंचवटीकर

परतीचा रस्ता मात्र वेगळा घ्यावा, असे सुचवतो. वसईहून विरार, शिरसाड, वज्रेश्वरी आणि अंबाडी असे येऊन आमण्याला समृद्धी गाठता येते. वसई हाती आली तर देऊळ बांधीन, असा नवस चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीला केला होता, अशी परंपरा आहे, आणि आजचे तटबंदीसारखे दिसणारे देऊळ त्यानंतरचे आहे. म्हणजे परतीची वाटही त्याच मोहिमेची होते.

मिसळप्रेमी

शनिवारी सकाळी नाशिकची मिसळ खाऊन निघालो तर चालेल का?

भरती_ओहोटी

मिसळ थांबेल, ओहोटी थांबणार नाही. मिसळ शुक्रवारी खावी.

केळवेकर

खाण्याचा विषय निघालाच आहे, तर शनिवारी आमच्याकडे ताजी मासळी मिळेल. निवासाच्या ठिकाणी आदल्या दिवशी किती माणसे आहेत ते कळवावे, कारण घरगुती स्वयंपाक मोजून होतो. जेवणानंतर केळवे-माहीमचे नागवेलीचे पान खावे, इथल्या वाड्यांत पानवेलींची लागवड पिढ्यान्‌पिढ्या होते. रविवारी वद्य चतुर्थी, म्हणजे संकष्टी आहे. उपवास असणाऱ्यांनी वसईला सुकेळी घ्यावीत. राजेळी केळी उन्हात सुकवून केलेली ती गोड सुकेळी प्रवासात टिकतात आणि उपवासाला चालतात.

चुना_आणि_दगड

एक विनंती. वसईच्या किल्ल्यातील चर्चच्या भिंतींवर आणि अर्नाळ्याच्या बुरुजांवर नावे कोरलेली पाहून जीव तुटतो. त्या भिंतींच्या गिलाव्याचा वरचा कडक थर हवेशी संयोग पावून वर्षानुवर्षे घट्ट होत गेलेला असतो. खिळ्याने तो फोडला की खारी हवा आतल्या मऊ थरात शिरते आणि एका नावामागे पुढच्या पावसाळ्यात हातभर गिलावा गळून पडतो. मुलांना हे कारण सांगितले तर ती स्वतः तर कोरणार नाहीतच, दुसऱ्यालाही थांबवतील. वेलींची आणि वडा-पिंपळाची रोपे मात्र हाताने उपटू नयेत, मुळांबरोबर दगड सुटतो. ते काम पुरातत्त्व खात्याच्या जाणकारांनीच करावे.

रामशेजचा_वाटसरू

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री गटातल्या सगळ्यांना हा धागा वाचून दाखवला आणि नवा बेत एकमताने ठरला. चूक असेल तिथे कृपया सांगावे.

एकादशीची तारीख सोडून वद्य तृतीया-चतुर्थीची तारीख घेतली आहे. शुक्रवारी दुपारी अर्धी रजा काढून त्र्यंबक-जव्हार रस्त्याने निघायचे आणि अंधार पडण्याच्या सुमारास केळव्याला पोहोचायचे. शनिवारी सकाळी सातला गावातल्या माणसाबरोबर किनाऱ्यावर जायचे, ओहोटीत पाणकोट पाहायचा आणि साडेनऊच्या आत परतायचे. आई-वडील तेवढा वेळ भुईकोटाजवळ सुरूच्या बनात आणि शीतलादेवीच्या देवळात थांबतील. दुपारी माहीम आणि शिरगाव करायचे. रविवारी पहाटे निघून आधी अर्नाळा, मग वसई आणि वज्रेश्वरीवरून परत.

मुलांना गुरुवारी संध्याकाळी नारोशंकराच्या देवळात नेणार आहोत. जंजिरा उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी वेगळा करू, तेव्हा सह्यचारी यांनी आमच्याबरोबर यावे.

सह्यचारी

आनंदाने येईन. मात्र पावसाळ्याच्या आधी, कारण जूनपासून होड्या बंद असतात.

इतिहासाचा_विद्यार्थी

बेत फार चांगला झाला आहे. वसईला घाई करू नका. किल्ल्याचा आवार सुमारे ११० एकरांचा आहे आणि त्यात भुई दरवाजा, दर्या दरवाजा, चर्चचे अवशेष आणि नागेश्वराचे देऊळ असे सगळे विखुरलेले आहे. भुई दरवाजापासून सुरुवात करून दर्या दरवाजापर्यंत चालत गेलात, तर किल्ल्याचा आराखडा मुलांच्या लक्षात राहील. आई-वडिलांसाठी आतल्या रस्त्याने गाडी बरीच पुढे नेता येते.

केळवेकर

एकच बदल सुचवतो. रविवारी अर्नाळा आधी आणि वसई नंतर, हा क्रम उलटा करावा. चतुर्थीला ओहोटी सकाळी नऊच्या आसपास आहे. त्या वेळी होडी किनाऱ्यापर्यंत येऊ शकत नाही, ओल्या वाळूतून आणि गुडघाभर पाण्यातून बरेच चालत जाऊन तिच्यात चढावे लागते, जे वडीलधाऱ्यांना जमणार नाही. सकाळी वसई पाहावी, तेव्हा ऊनही कमी असते, आणि एकच्या सुमारास अर्नाळ्याला यावे. तोपर्यंत पाणी चढलेले असते आणि होडी बरीच जवळ लागते. पलीकडे पोहोचायला काही मिनिटेच लागतात. दरवाजावरचा शिलालेख वाचून, तटावरून एक फेरी मारून तीनपर्यंत परत आलात, तर संकष्टीच्या चंद्रोदयापर्यंत नाशिकला पोहोचाल. वज्रेश्वरीला मात्र मग दर्शनापुरतेच थांबता येईल.

रामशेजचा_वाटसरू

क्रम बदलला. आईला विचारले, तर ती म्हणाली की उपवास वज्रेश्वरीलाही सोडता येतो, अर्नाळ्याला घाई नको. केळवेकर, निवासासाठी आणि सोबत येणाऱ्या माणसासाठी आपल्याला वेगळा निरोप पाठवला आहे. मुलांच्या बुटांची मापेही त्यात लिहिली आहेत, कारण कालवांवर चालण्याजोगे जुने बूट दोघांकडे नाहीत आणि गावात उसने मिळाले तर बरे होईल.